चढाचं तेवढं सांगितलं नाहीत

नाना, आज दुपारी फोरमननं माझी पाण्याची पिकअप काढून घेतली आणि त्या करीमनगरवाल्याला दिली. मला शेडमध्ये पाईप उचलायला लावलंय. "वो गाडी को तकलीफ नहीं देता," म्हणाला. म्हणजे मी देतो. त्या माणसाला ओमानात येऊन धड महिना झाला नाही, आणि गाडीला तकलीफ न देता कशी चालवायची हे त्याला शिकवलं मीच. खोलीतले सगळे हसतायत. येडा आहेस तू, म्हणतात, बसायची जागा स्वतःच झाडून दिलीस त्याला. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता, म्हणून तुम्हालाच लिहितोय. आईजवळ फोनवर तुमच्याबद्दल वाकडं बोलता येत नाही, ती लगेच रडायला लागते. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं मराठी आहे, तेसुद्धा आईनं घरात शिकवलेलं, शाळा तर तेलुगूच होती. चुकलं तर चुकलं. तुम्ही कुठं कधी चुका कबूल केल्यात?

तुम्ही शिकवलंत, हे मी नाही म्हणत नाही. हैदराबादेत हिमायतनगरच्या त्या अपार्टमेंटच्या गेटातून सेठच्या जीपमागची पाण्याची ट्रॉली उलटी आत घालायची असायची. मागं भरलेली टाकी, दोन्ही बाजूंना कार लावलेल्या, वॉचमन उगाच शिट्ट्या मारतोय. तुम्ही सावकाश खाली उतरता. पुढच्या चाकांच्या मधोमध ती हबची गोल कळ असते, ती दोन्हीकडची हातानं फिरवून खुली करता, परत चढता आणि लहान लिव्हर लोमध्ये ओढता, म्हणजे वेग कमी, जोर जास्त. दुसरे ड्रायव्हर हब बंद ठेवूनच लो घ्यायचे. मग चारही चाकांना जोर, आणि कडक रस्त्यावर वळवायला गेलं की गाडी आखडायची, चाकं घासायची. तुमचं तसं नाही. हब खुले, म्हणून पुढची चाकं मोकळी फिरतायत, जोर फक्त मागच्या दोघांना, आणि तो जोर लोचा. क्लच सोडला की गाडी गाभण म्हशीसारखी आपली आपण मागं चालायला लागते. जळका वास नाही, धक्का नाही. "क्लचला झोपू दे. पाय नक्को लावू," तुम्ही मला म्हणता, आणि एक हात खिडकीबाहेर टाकून ट्रॉली भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी करता. मी बाजूला बसून बघतो आणि मला वाटतं, साऱ्या हैदराबादेत असा बाप कुणाला नसेल.

मी हे शिकलो त्याच उन्हाळ्यात तुम्हाला एका डोळ्यानं कमी दिसायला लागलं. कोठीच्या दवाखान्यातून थेंब आणले, पण सेठला कळलंच. माझ्यासमोर तो म्हणाला, "मियाँ, पोट्टा तयार हो गया, अब तुम आराम करो." तुम्ही हसलात. मी एकोणीस वर्षांचा घोडा, मला ते हसू खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या एकट्याच्या हातात येणार होती, चिक्कडपल्लीच्या मागच्या गल्लीत, जिथं खडकावरून सरळ चढ आहे आणि वर मेस आहे. आजवर तिथं आपण कधी गेलो नव्हतो, सेठला ते गिऱ्हाईक नवीनच लागलं होतं. सकाळी आपण दोघं स्वयंपाकघरात भाकरी खात बसलोय. मी विचारतो, "नाना, चढावर पण असंच घेऊ ना? हब खुले, लो?" आई तव्यावरून मान वळवून तुमच्याकडं बघते. तुम्ही म्हणता, "अंबाडी आंबट झाली गं आज." मला वाटलं ऐकू गेलं नाही. हब बंद करायचे ते टाकी भरायच्या ठिकाणी, चिखलात, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चिखल नाही तर खुले. मी उठलो आणि निघालो.

अर्ध्या चढावर मागून फट् असा आवाज आला. इंजिन बोंबलतंय आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी मागं सरकतेय. मी ब्रेकवर उभाच राहिलो, तरी ट्रॉली तिरकी झाली आणि मेसच्या भिंतीला जाऊन भिडली. टाकी फुटली, सगळं पाणी गल्लीतून खाली. बायका बादल्या घेऊन धावल्या, कुणाला काही लागलं नाही, तेवढं देवानं बघितलं. सेठ स्कूटरवरून आला, मागं तुम्ही बसलेले. तो ओरडला, "कायकू दिये रे इसके हात में? एक्सल तोड दिया पोट्टा!" मी तुमच्याकडं बघतोय. तुम्ही एकच वाक्य बोलायचं होतं नाना, की मीच त्याला सांगितलं नव्हतं. तुम्ही वाकून तुटलेला एक्सल बघितलात आणि म्हणालात, "अभी कच्चा है सेठ. गाडी मेरे हातमेंईच ठीक है." बोलताना तुमचा चेहरा कसा सुटला होता, पोटातली कळ थांबल्यासारखा. तो चेहरा मी विसरलेलो नाही. आणि गाडी दुरुस्त होऊन आल्यावर तुम्ही त्याच गल्लीत गेलात. खाली उतरून हब बंद केलेत, लो घेतला आणि भरलेली टाकी आवाज न करता वर नेलीत. सेठनं टाळी वाजवली. मी कोपऱ्यावर उभा होतो. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

त्यानंतर मी कुणाकडं काम मागायला गेलो की, "एक्सल तोडा सो पोट्टा तूच ना?" इथं आलो तो त्या नावापासून पळून. आणि मी दोन वर्षांनी घरी येऊन भांडेन म्हणतोय, तोवर तुम्ही गेलातसुद्धा. आता किती वर्षं झाली, भांडण तसंच माझ्याकडं पडून आहे. इथल्या वर्कशॉपात एक पेशावरचा फिटर आहे. चहा पिता पिता त्यानं वाळूत बोटानं दोन रेघा ओढल्या. हब खुले असले की लोचा सगळा जोर मागच्या एक्सलवर येतो, सपाटीला हळू चालवायला ठीक, पण भार घेऊन चढलास तर तो एकटा किती सोसेल? चढावर हब बंद, म्हणजे पुढची चाकंही ओढतात. चहा अर्धा व्हायच्या आत सांगून झालं. मग म्हणाला, "तेरे को किसी ने बोला नहीं क्या?" मी म्हटलं, नाही. माझे वडील ड्रायव्हर नव्हते. असं बोललो मी तुमच्याबद्दल, आणि मला काही वाटलं नाही.

तेव्हाच ठरवलं होतं, तुमच्यासारखं राखून काही ठेवायचं नाही. म्हणून करीमनगरवाला आला तसं पहिल्याच दिवशी त्याला गाडीत बसवलं. माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, गावी दोन मुली आहेत, तरी मला अन्ना म्हणतो. यार्डात सिमेंटवर टाकी उलटी लावायची ती हब खुले ठेवून, लो घेऊन, क्लचला झोपवून. झोपू दे असंच म्हटलं मी, तुमचाच शब्द आला तोंडात, मलाच राग आला. वाळूतल्या टेकडीवरच्या कॅम्पला पाणी मीच न्यायचो म्हणून तेवढं दाखवायचं राहिलं होतं. आणि आज गाडी त्याची झाली, टेकडीसकट. एक्सल तुटला तर फोरमन त्याला घरी पाठवणार आणि गाडी परत माझ्याकडं येणार, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

संध्याकाळी तो माझ्या खाटेजवळ आला. तोंड पडलं होतं, माझी गाडी घेतल्याची लाज वाटत होती त्याला. म्हणाला, "अन्ना, कल टेकडी पे भी हब खुलाच रखूँ?"

शेवटी सांगितलं मी त्याला. बंद कर, दोन्ही बाजूंचे, हातानं चाचपून बघ आणि मगच टाकी घेऊन चढ. त्यानं माझा हात धरला. खोलीतल्यांनी पुन्हा येडा म्हटलं. तुमच्यावरचा राग तसाच आहे, नाना, जराही उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. हा कागद मी आईला वाचून दाखवणार नाही, कारण तिला वाटेल पोरगा बापापेक्षा चांगला निघाला. पहिल्यांदा त्यानं विचारलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं होतं. तो गेला नाही, तिथंच उभा राहिला आणि त्यानं परत विचारलं, म्हणून सांगितलं.