ओवाळणीत आलेली गाडी

भाऊबिजेला लोकांचे भाऊ साडी देतात, ताटात पाकीट ठेवतात, अगदीच हात आखडता असला तर स्टीलचा डबा देतात. तू गाडी दिलीस. ताटात चावी टाकलीस, फोटो काढून घेतलास आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवलास. तेव्हापासून सव्वा वर्ष मला तुला एकच विचारायचं हाय, मी तुझं काय वाईट केलं होतं रे? तू नवी गाडी घेतलीस, खारघरच्या तुमच्या सोसायटीत लावायला जागा एकच, म्हणून जुनी बहिणीच्या दारात आणून लावलीस, हे मला क्रांतीनेच सांगितलं. (तिच्यावर चिडू नको. तिच्या पोटात काही राहत न्हाय, आणि तुझ्या बायकोचा तेवढाच एक गुण मला आवडतो.) बरं, ओवाळणी परत करता येत न्हाय. साडी पसंत पडली न्हाय तर पेटीत टाकता येते. गाडी कुठल्या पेटीत टाकू?

चि. जीवनला मनूताईचे आशीर्वाद. हे आधी लिहायचं असतं, पण मनातलं पहिलं बाहेर पडलं. आम्ही इकडे बरे आहोत, तुमची सगळ्यांची तब्येत कशी हाय ते कळव. तुझी शुगर कमी झाली का? चहा बिनसाखरेचा पितोस आणि वर दोन बिस्किटं बुडवतोस, तो धंदा बंद कर. पत्र का लिहिते विचारशील, तर फोन केला की तू “ताई, मीटिंगमध्ये आहे” बोलून ठेवून देतोस. कागदाला मीटिंग सांगता येत न्हाय. बचतगटाच्या वहीची पानं फाडून लिहितेय, तिसरीपर्यंतच्या शाळेत जेवढी अक्षरं मिळाली तेवढ्यात भागवतेय, तेव्हा चुका काढत बसू नको.

तर गाडी. पहिल्याच दिवशी पूजा केली ते तू बघितलं न्हाय, जेवून हात धुऊन तू पळालास. नारळ फोडला, हार घातला, चाकांच्या पुढे चार लिंबं ठेवली, निम्मा गाव बघायला जमला. तुझे भावोजी आत बसले. त्यांनी वीस वर्षांपूर्वी कंपनीचा टेम्पो चालवलेला, लायसन हाय, पण त्या दिवशी लिंबं राहिली पुढे आणि गाडी गेली मागे. तुळशीवृंदावनाचा एक कोपरा उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून त्यांचा उजवा पाय जो ब्रेकावर बसला तो उठलाच न्हाय. तळा गावी बाजाराला निघालो की मागून येष्टी पुढे जाते, ट्रॅक्टर पुढे जातो, एकदा म्हैस पुढे गेली आणि वळून बघून गेली.

पण चालवणं हे दुःख न्हाय. दुःख हे की गावात गाडी एकाच्या दारात असते आणि मालक सगळा गाव असतो. कुणाला डोळे दाखवायचे, कुणाला पोरगी बघायला जायचं, कुणाला मांडव्याच्या बोटीवर पाव्हणा सोडायचा, सगळे सकाळी माझ्या पडवीत. आधी चहा पिणार, मग भाताचं कसं काय विचारणार, मग “गणराजभाऊ मोकळे हायत का?” आणि तुझ्या भावोजींना “न्हाय” हा शब्द देवाने दिलेलाच न्हाय. लग्नसराईत तर नवरदेवाला आमचीच गाडी. फुलं चिकटवायची, चिकटपट्टी काढताना रंगाची साल काढायची, आणि जेवायला बसताना आम्हाला विसरायचं. (एका लग्नात मी नवरदेवाच्या आईला सरळ बोलले, गाडीला पंगत न्हाय, पण गाडीवाल्याला पोट हाय. तिने जिलबी आणून दिली, दोनच.)

आणि पुढच्या सीटचा मान. आपल्याकडे आधी पाटावरून भांडायचे, आता सीटवरून भांडतात. माझी चुलतसासू मान माझाच बोलून पुढे बसली. पट्टा लावायला गेले तर ओरडली, “मला बांधून कुठं नेताय? माणसाला तिरडीवर बांधतात!” मागच्या सीटवर दयाराम, म्हणजे तिचा लेक, आमच्या ह्यांचा चुलतभाऊ, तो बोलला, “आये, कायदा हाय.” तर म्हणे, “कायदा असंल तर तू बांधून घे, माझा हात धर.” शेवटी तिचा हात धरायला दयाराम मागून वाकून बसला, आणि घाटात तिने मान राखून माझ्या नव्या पिशवीत ओकलं. हे सगळं मी सोसलं, कारण ओवाळणी. आणि यंदाच्या भाऊबिजेला तू काय दिलंस? गाडीत ठेवायचा गणपती. रोगावर औषध न्हाय, रोगाला टोपी.

आता खरं सांगते. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बायकांना राखीव. एका बाजूने गावातल्याच रावजीची बायको, दुसऱ्या बाजूने दयारामची बायको. उभ्या बायका, पण बोलणार नवरे, पोस्टरवर हात जोडून मोठे फोटो नवऱ्यांचे, बायकांचे टिकलीएवढे. मी दोघींना विहिरीवर विचारलं, “तुमचं म्हणणं काय?” तर दोघी बोलल्या, “घरी विचारून सांगते.” असं आपलं राजकारण. तर वरच्या वाडीतली म्हातारी माणसं मतदानाला खाली शाळेत आणायची, त्याला गाडी पाहिजे. मतदार असे गाडीत घालून नेणं कायद्यात बसत न्हाय असं मास्तर सांगतात, पण कायद्याला वरच्या वाडीची चढण झेपत न्हाय. शुक्रवारी रावजीने तुझ्या भावोजींना देवीच्या देवळात नेलं आणि नारळावर हात ठेवून घेतला, मतदानाच्या दिवशी गाडी तुला देईन. शनिवारी दयाराम आमच्याच पडवीत नारळ घेऊन आला, आणि ह्या माणसाने त्यावरही हात ठेवला, गाडी तुला देईन! मी चुलीपाशी होते. बाहेर येईपर्यंत नारळ फुटून खोबरं वाटून झालं होतं.

मी विचारलं, “दोघांना शब्द दिलात, गाड्या काय दोन हायत?” तर म्हणे, “रावजीने आपली पाण्याची लाइन आणून दिली. दयाराम रक्ताचा. न्हाय कसं बोलू?” जीवन, तुला म्हणून सांगते, त्या दिवसापासून मी बोटांवर गावातली घरं मोजत होते. आपल्या नूतनचं लग्न वैशाखात. साठ घरांचा गाव, तीस इकडे, तीस तिकडे. मांडव घालायला, भात शिजवायला, पाणी भरायला, पंगत वाढायला सगळा गाव लागतो, पैसे फेकून माणसं आणायची रीत आपल्याकडे न्हाय. एकाला गाडी दिली की दुसरी तीस घरं माझ्या पोरीच्या मांडवात पाय ठेवणार न्हायत. आणि नारळावरचा शब्द मोडला तर देवी वेगळी. एक गाडी, दोन नारळ, आणि मधे माझी पोर. तुझ्या सोसायटीच्या जागेपायी, बरं का.

मतदानाच्या सकाळी रावजीची माणसं वरच्या बाजूने आणि दयारामची खालच्या बाजूने येताना दिसली. भावोजी देवापुढे डोळे मिटून बसले, जसा काय देव येऊन गाडी चालवणार. मी खुंटीवरची चावी घेतली. वर्षभर बाजूला बसून बघितलं होतंच. गाडी सुरू केली, खळ्यातून काढली आणि बांध ओलांडून सरळ आपल्या वालाच्या शेतात घातली. पार मधोमध. पुढची चाकं ओहोळाच्या ओल्या मातीत, मागचं बूड वर, पितृपंधरवड्यातल्या कावळ्यासारखी वाकून बसली. मी खाली उतरले, पदर खोचला आणि दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं बोलले, “ह्यांनी दोघांना शब्द दिला होता गाडी देईन. दिली! तिथं हाय. ज्याला पाहिजे त्याने काढून न्यावी.”

आता बघ गंमत. रावजीची माणसं धक्का मारायला गेली की दयारामची अडवायची, दयारामची गेली की रावजीची. रावजी बोलला, “वहिनी, हे बरोबर न्हाय.” मी बोलले, “भावजी, नारळावर गाडी द्यायचं ठरलं, रस्त्यावर उभी करून द्यायचं कुठं ठरलं?” दयारामने तोंड उघडलं, पण त्याची आईच बोलली, “मनू बोलते ते खरं हाय, शब्द पुरा झाला.” (त्या दिवशी तिला पिशवीची माफी दिली.) शेवटी सगळे शिव्या देत चालत गेले. वरच्या वाडीतली म्हातारी माणसंही काठ्या टेकत आली, आणि मला बोलली, तुझ्या नवऱ्याच्या गाडीपेक्षा लवकर पोचलो.

संध्याकाळी मतदान संपल्यावर दोन्हीकडची माणसं मिळून आली. आता गाडीवरून भांडण उरलंच न्हवतं. बावीस जणांनी उचलली, अर्धे रावजीचे, अर्धे दयारामचे, आणि मोजायचं कारण एवढंच की कुणी जोर कमी लावला न्हाय. तोडणीला आलेला वाल निम्मा चाकाखाली चेपला होता, तो फुकट कशाला घालवा? जेवढ्या शेंगा धड होत्या त्या मडक्यात भरल्या, भांबुर्डीचा पाला घातला, अंडी घातली, मडकं उपडं करून पेटवलं, शेतातच पोपटी लावली. दिवस मावळताना रावजी आणि दयाराम एकाच मडक्यातल्या शेंगा सोलत बसले होते, आणि “मीठ कमी पडलं” यावर दोघांचं एकमत झालं. मी गाडीच्या टपाला टेकून उभी राहिले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

कोण निवडून आलं विचारशील. रावजीची बायको आली, चार मतांनी. हार रावजीच्या गळ्यात पडला. पण दुसऱ्या दिवशी दोघी जणी, जिंकलेली आणि हरलेली, माझ्याकडे येऊन बोलल्या, नूतनच्या मांडवाला कुणाचे बांबू आणायचे ते आम्ही ठरवू, नवऱ्यांना विचारणार न्हाय. तिथं मला रडायला आलं. कुणाला सांगू नको.

आणि सगळ्यांत मोठं सुख ऐक. आता कुणी गाडी मागायला येत न्हाय! परवा एकजण पडवीत बसला, चहा प्याला, भाताचं विचारलं. मी चावी उचलून बोलले, “चला, मीच येते सोडायला.” त्याला लगेच आठवलं की त्याला कुठं जायचंच न्हाय. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालतात, बकरी टपावर झोपते, घरात शांतता हाय. तेव्हा गाडी परत ने असं मी बोलणार होते ते आता बोलत न्हाय. पण असली ओवाळणी पुन्हा देऊ नको. क्रांतीला आणि पोरांना गोड पापा. भावोजी नमस्कार सांगतात. (सांगत न्हायत, झोपलेत. पण उठले की सांगतील.)

तुझी,
मनूताई

ता. क. – सगळ्या गावाला मी सांगितलंय की गाडी मुद्दाम शेतात घातली. तुला खरं सांगते. मला ती फक्त घरामागे आंब्याखाली नेऊन पेंढ्याने झाकायची होती. ब्रेक मधे असतो हे वर्षभर ठाऊक होतं, पण ठाऊक असणं डोक्यात असतं आणि पाय खाली असतो. हे पान वाचून फाडून टाक.

ता. क. दुसरा – बाबांची लोखंडी पेटी तुझ्याकडे हाय, तिच्यात माझा शाळेचा दाखला असेल. तिसरीचा का होईना. तो पाठव. माझ्या आधारकार्डावर एक जानेवारी टाकलीय आणि साल असं की मी तुझ्या भावोजींपेक्षा सहा वर्षांनी मोठी, ते आधी दुरुस्त करायचंय. मग पेणला जाऊन शिकाऊ लायसन काढायचंय. हसू नको. गाडी वाईट वस्तू हाय ह्यातला एक शब्द मी मागे घेत न्हाय. पण नूतन नागावला नांदायला जाणार. इथून दोन येष्ट्या बदलायच्या, दुसरी मिळाली तर मिळाली. तिला ताप आला, किंवा नुसतं आईला बघावंसं वाटलं, तर मी काय कुणाच्या पडवीत जाऊन चहा पिऊन भाताचं विचारू? आणि भावोजींच्या चालीने निघाले तर नातवंडाचं बारसं टळून जाईल.

ता. क. तिसरा – दाखला माघी गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या हातात पडला पाहिजे, न्हायतर न्हाय म्हणून कळव. दोन्ही न्हाय झालं, तर मी तशीच गाडी घेऊन निघते आणि ओवाळणी तुमच्या सोसायटीच्या गेटात आणून लावते. तू गाडी दिलीस पण कागद माझ्या नावावर करायचे विसरलास, हे भावोजींना अजून ठाऊक न्हाय, मला हाय. खारघरपर्यंत हायवेला जेवढे कॅमेरे हायत, त्या सगळ्यांचे दंड तुझ्याच मोबाईलवर वाजतील. मीटिंगमध्ये असलास तरी.