न दुखणारी गाठ

आई, माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. अंघोळ करताना हाताला लागली, घट्ट, आणि अजिबात न दुखणारी. दुखत नाही म्हणूनच मी घाबरले. तेव्हाचं आठवलं: उंब्रजच्या स्वयंपाकघरात तू चुलीपुढं बसली आहेस, एका हातानं भाकरी थापते आहेस, दुसरा हात काही केल्या वर होत नाही. ‘आई, हाताला काय झालंय?’ मी विचारते. ‘काखंत गाठ हाय. दुखत न्हाई, मग दवाखाना कशाला?’ बाबा कराडला नेतो म्हणाले तर तू परात आपटलीस. ‘परक्या बाप्यापुढं पदर काढू व्हय?’ दुखायला लागलं तेव्हा गेलो, आणि डॉक्टर तुझ्याशी न बोलता बाहेर येऊन बाबांशीच बोलले.

मी थांबले नाही. पलूसच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगलीला सोनोग्राफीसाठी पाठवलं. तुझी नात, माझी लेक, सोबत आली. उपाशी यायची गरज नाही, पावडर लावू नका, पुढून बटणांचा ब्लाउज घाला, असं तिनं आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. आत पडदा होता, बाई डॉक्टर होत्या. कमरेच्या वरचं काढून एक सैल अंगरखा घालायला दिला, पुढून उघडा. ‘डावा हात डोक्याखाली घ्या, ताई. जेल गार लागेल.’ गार लागलंच. मग साबणाच्या वडीएवढं ते यंत्र त्या दाबून फिरवू लागल्या, छातीवर, काखेत, पुन्हा छातीवर. दाब जाणवत होता, दुखत नव्हतं. दुसरी बाजूही पाहिली. मग डावीकडं येऊन त्यांचा हात एकाच जागी थांबला.

‘घरात कुणाला असं काही झालं होतं?’

‘आईला.’

‘तेव्हा त्यांचं वय?’

तुझी जन्मतारीख तुलाच कुठं ठाऊक होती? पन्नाशी आली नव्हती, एवढंच मी म्हणाले.

‘ही पाण्याची गाठ नाही, भरीव आहे. नुसत्या चित्रावरून ठरवता येत नाही. सुईनं तुकडा काढून तपासू.’ त्या माझ्याकडं बघून बोलत होत्या. मऊ कागदानं मी जेल पुसलं, तरी ब्लाउज अंगाला चिकटलाच. बाहेर नातीनं माझा चेहरा बघितला आणि पाण्याची बाटली पुढं केली.

सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. तुझंच दुखणं आहे. गाठ लहान आहे, काखेत पसरल्यासारखं दिसत नाही, म्हणून ऑपरेशन करू म्हणतात. पुढं औषधं, केस जाणं, सगळं आहेच. आता नातीलाही तपासण्या वेळेवर करायला सांगितल्यात. ती हसून ‘व्हय’ म्हणाली आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

तू तर केव्हाच गेलीस, हे लिहून पोचवायचं कुठं? कुणाला वाचायला देण्यासारखंही नाही. त्या तपासणीच्या टेबलावर तुझी माया आठवावी, तर मला तुझा राग आला. एवढंच होतं गं, आई. पडदा, गार जेल आणि एका बाईचा हात. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचंय. नात पिशवी भरताना म्हणाली, ‘आजीचा फोटो घेऊ?’ मी नको म्हणाले.

राग अजून गेला नाही.