माळावरच्या सशांची गोचिडं

माळेवाडी (सोनपेठजवळ)
ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. दाजींना माणिकरावचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? विमलला सातवा लागल्याचं ताईच्या पत्रातून कळलं, पोरीला जपा.

तुमचा उद्धव इथून तणतणत गेला, त्याची हकिकत माझ्याकडूनच कळलेली बरी. सरकारी खात्यानं सोपवलेल्या या तपासणीवर त्याची नोकरी कायम व्हायची, हे तुम्ही जाणताच. त्याचं म्हणणं असं, की कपाशीवर किडीसाठी मारायची बीएचसी पावडर वर्षानुवर्षं नासत नाही, वाऱ्यापाण्याबरोबर कुठंही पोचते. तेव्हा जिथं कुणी पेरत नाही की फवारत नाही, त्या माळावरच्या सशांचे केस आणि रक्त तपासायचं. (म्हणजे ससा साक्षीदार. आमच्या गावात याहून सरळ साक्षीदार मिळालाही नसता.) आमच्या भुजंग सालदारानं जाळं लावून ससे धरले आणि उद्धव बाटल्या आणायला सोनपेठला गेला. तेवढ्यात आमच्या मंडळींना, म्हणजे सरजाबाईंना, सशांच्या कानांत गोचिडं दिसली. "सरकारात जायलाय जनावर, अन् असं गोचिडानं भरल्यालं? पोराची काय इज्जत ऱ्हाईल?" असं म्हणत तिनं बाजाराला न्यायच्या बैलाला चोळतात तशी एकेका सशाला पावडर चोळली. कोणती, ते तुम्ही ओळखलंच असेल. एक ससा तेवढा हातातून निसटून कडब्यात शिरला आणि गोचिडांसकट राहिला. उद्धवनं परत आल्यावर त्याचाही नमुना घेतला.

तपासणीत आकडे असे निघाले, की साहेबांनी विचारलं, हे ससे जिवंत होते का? उद्धव धावत इथं आला. मामीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "लावली की, चांगली दोनदा लावली." पोरगं ओसरीवर कपाळ धरून बसलं. मला हसू आवरेना, म्हणून मी गोठ्यात गेलो. आता सारी भिस्त कडब्यातल्या सशावर आहे, त्याची तपासणी व्हायची आहे. तो निर्मळ निघणार यात मला शंका नाही. माळावर कोण मरायला पावडर मारतंय?

आपला,
माणिकराव

ता. क. पत्र टाकायच्या आतच उद्धवचा निरोप आला. त्या सशातही निघाली. थोडी, पण निघाली. साहेब खूश आहेत, नोकरी कायम. पेढे वाटा.

ता. क. दुसरा. उद्धव निघताना विचारत होता, मामा, ज्वारीला किडे लागू नयेत म्हणून पोत्यात काय टाकता? मी विषय बदलला. विमलसाठी पाठवलेल्या पोत्यातल्या ज्वारीची भाकरी तिला देऊ नका. पोतं परतही पाठवू नका, आम्ही इथं तीच खातो आहोत.