दारच्या निंबाच्या अकरा काड्या

१८ मार्च
नाही रडले. दिवसभर जो विचारतो त्याला हेच सांगतेय. धडगावहून, बहिणीकडून आले. गल्लीत वळले तर आमच्या दारात नुसतं ऊन. वाटलं दुसऱ्याचंच घर. निंब आडवा. ह्यांनी लग्नाच्या वर्षी लावलेला; हे गेले, तो राहिला होता. जेठांनी, ह्यांच्या थोरल्या भावाने, आबांनी माणूस लावून कापला म्हणे, मी नसताना. जेठाणीने पाण्याचा तांब्या दिला. "पी व माय." तो तसाच हातात, संध्याकाळपर्यंत.

१९ मार्च
पडल्या झाडाची तांबूस पालवी अजून ताजी. सुकायच्या आत पेन्सिलीएवढ्या अकरा काड्या काढल्या. बुडाला तिरपा काप, कोरफडीचा गर, वाळू-शेणखताच्या पिशव्यांत खोचल्या. वर अर्ध्या कापलेल्या बाटल्या पालथ्या.
जेठाणी : "निंबोळी टाकी दे ना! काडीना काय नाद?"
म्हटलं, निंबोळीचं झाड दुसरं होईल. मला हाच पाहिजे.
"मंग नवरा बी काडीवर लावी ले."
"तुमच्या आबांची एक फांदी द्या, बघते लावून."
ती पोट धरून हसली. मी पण. मग दाराकडे बघितलं आणि...

२६ मार्च
पारावर आबांशेजारी कोणी बसत नाही. "भाऊनी लावेल झाड बी नही सोडं," असं तोंडावर बोलतात. आबा तंबाखू मळत राहतात.
मी काय विचारणार? तीस वर्षं जेठांशी समोरासमोर बोलले नाही. आमच्यात नाही बोलत. पदर पुढे ओढायचा आणि सांगायचं बकरीला, त्यांना ऐकू जाईल असं. "बकरे, चहा झाला म्हणावं." आबा येतात, चहा पितात.
आज उंबऱ्यापाशी नदीच्या वाळूची पाटी. कोणी ठेवली ते कळलं, पाटी आबांचीच. वापरली.

२ एप्रिल
सहा काड्यांना पालवी!!! गल्लीभर सांगून आले.

६ एप्रिल
पालवी गळाली. एक काडी उपसली. खाली काहीच नाही. एक मूळ नाही. काडीतल्याच रसावर वर नटली होती मेली. बाकीच्या उपसल्या नाहीत.

१४ एप्रिल
जेठाणीने शेवटी नवऱ्याला खडसावलं, का कापलं म्हणून. आबा म्हणाले, "तिनीच सांगं. बकरीले बोलनी, मी आयकं."
जेठाणी मला विचारायला आली.
"खरं शे का वं?"
म्हटलं, "बकरीशी मी काय काय बोलते! तेवढं सगळं खरं धरतात का?"
ती हसली. सुटले. जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
दोनच हिरव्या. एक बोटाने हलवली, हलेना. धरलं असेल. नसेलही. उपसून बघणार नाही.
आबा आले, लांबूनच पिशवीकडे बघत उभे. मी पदर ओढला. "बकरे..." म्हटलं. आणि पिशवीवरची बाटली सारखी करत राहिले. ते वाट बघून गेले.

धडगावला जायच्या आधी ह्यांचं वर्षश्राद्ध होतं, त्या दिवशीची गोष्ट. पानगळ चाललेली. चारदा अंगण झाडलं, चारदा भरलं. माणूस गेला आणि कचरा मला ठेवून गेला, असा राग आला. आबा खाटेवर बसलेले. "हा निंब कापा म्हणावं एकदाचा," बकरीला म्हटलं.
पण आधी पदर ओढला होता. नुसत्या बकरीपुढे कोणी पदर ओढतं का?
आबांनाच सांगितलं होतं मी.