गाडीतला आवाज

४ मार्च

आज माझा आवाज गल्लीतून गेला! मी गच्चीत कपडे वाळत घालत होते आणि आरोग्य खात्याची भोंग्याची गाडी वळणावर आली — "तापाची लस घ्या. दुखत नाही. मीही घेतली आहे." मीच बोलत होते, मीच ऐकत होते. आवाज कुणा शांत, थोरल्या बहिणीचा वाटला. मी कुठली इतकी शहाणी!

मावशी म्हणजे सुई म्हटली की दार लावून घेणारी. तीही चपला सरकवत म्हणाली, "चल बाई, इतकं गोड सांगतेय तर जाऊन येऊ."

"मावशी, ती मीच आहे!"

"तू? घरात तर कावळ्यासारखी ओरडतेस."

९ मार्च

लसीची रांग पार रस्त्यापर्यंत. दिवसभर ढगावरून चालल्यासारखं.

२१ मार्च

खात्यातल्या जनसंपर्काच्या साहेबांनी रेकॉर्डिंगसाठी नवा कागद दिला. 'ताप गेला. निर्धास्त राहा.' खरंच गेला? — विचारलं मी. "जवळजवळ. अहो, निम्मी माणसं भीतीनेच आजारी पडतात. धीर देणं हेही औषधच."

पटलं. रेकॉर्डिंगच्या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डोळे मिटून वाचलं. झोपेत बोलावं तसं.

२८ मार्च

शेजारची नर्स जिन्यात भेटली. "ताप गेला म्हणतेस ना गाडीतून! ये की आमच्या वॉर्डात, बघ."

गेले. खाटा भरून जमिनीवर गाद्या. हिरव्या पडद्यांतून ऊन येत होतं, सगळे पाण्याखाली निजल्यासारखे. "जरा वाट द्या," एवढंच म्हणाले, तर एका बाईने हात धरला. "गाडीतली ना तू? ताप गेला म्हणालीस, म्हणून लेकीला घरीच ठेवलं. साधी कणकण असेल म्हटलं."

लेक शेजारीच. डोळे उघडे, ओळख नाही.

"बोल ना तिच्याशी काहीतरी. तुझ्या आवाजाने बरं वाटतं."

हात सोडवून मी बाहेर पडले.

२९ मार्च

साहेबांकडे गेलेच नाही. गाडीच्या ड्रायव्हरला सगळं सांगितलं. "दोघांची नोकरी जाईल," म्हणाला — आणि माईक हातात दिला!

दिवसभर फिरलो. "ताप गेलेला नाही. मी चुकीचं सांगितलं. अंग तापलं तर थांबू नका, दवाखाना गाठा." घसा पार बसला. आवाज घोगरा, फाटका. पहिल्यांदाच आपला वाटला.

संध्याकाळी नर्स म्हणाली, लोक येताहेत. गाद्या पुरत नाहीत.

३० मार्च

दोघांनाही काढलं.

३ एप्रिल

ती लेक उठून बसली! आईवर चिडली म्हणे, वेणी घट्ट घातली म्हणून. ऐकून जिन्यातच रडले.

६ एप्रिल

नवी गाडी आली. बाई नवी, आवाज मऊ, अगदी कपाळावर हात ठेवल्यासारखा. "अफवांवर विश्वास ठेवू नका. ताप गेला आहे."

वॉर्ड डोळ्यांनी पाहिलाय मी. तरी ऐकता ऐकता माझाही जीव भांड्यात पडला.