आधी तुझं लिही

३ नोव्हेंबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. भाऊजींचा पाय कसा आहे? वॉकर सुटून काठीवर आले हे ऐकून बरं वाटलं. हार्डवेअरच्या दुकानदाराला काठी बाहेरून विकत आणावी लागली म्हणून ते खट्टू झाले असतील, त्यांना सांग, एवढं मनाला लावून घेऊ नका. व्यायाम चुकवतात का? चुकवत असतील तर मला कळव, मी येऊन रागावते. तुझं ते ऐकत नाहीत, माझं ऐकतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य म्हणते, तू त्यावर तीन चढवतेस. पत्रात मधेच तोंड घालता येत नाही. तेव्हा गुपचूप वाच.

माझं कॉलेज झकास चाललंय. निवृत्त झाल्यावर बाकीचे झाडांना पाणी घालतात, मी फौजदारी न्यायाच्या वर्गात नाव घातलं. लहानपणापासून घरात सगळे मला फौजदार म्हणत आलात, म्हटलं निदान एक कागद तरी हातात असू दे. वर्ग सगळा कॉम्प्युटरवर. बाईंची व्याख्यानं, कायद्याची कलमं, जुन्या खटल्यांचे निकाल, सगळं तिथेच. सून म्हणाली, "आई, पासवर्ड कुठे लिहून ठेवू नका." नाही ठेवला. दुसऱ्या दिवशी विसरले. मग तिनेच तो लिहून माझ्या डब्यांच्या फळीवर चिकटवला. सुरक्षा गेली चुलीत!

सगळ्यात मजा येते ती चर्चागटात. आमच्या गटात एक नर्स आहे, एक बसचालक आहे, एक आजोबा आहेत ते मोठ्या अक्षरात लिहितात म्हणून सगळ्यांना वाटतं ओरडतायत, आणि एक पोरगा आहे त्याला आम्ही वकीलसाहेब म्हणतो. त्याला आत्ता कुठे मिसरूड फुटतंय, पण आत्मविश्वास बघशील तर न्यायाधीशांनी उठून खुर्ची द्यावी. मला तो आवडतो. माझ्याच जातकुळीचा आहे.

या गटाची एक रीत आहे. बाई प्रश्न टाकतात. तुमचं उत्तर लिहून पाठवल्याशिवाय दुसऱ्यांची उत्तरं तुम्हाला दिसतच नाहीत, त्यांवर कुलूप असतं. आधी तुझं लिही, मग शेजाऱ्याच्या पाटीत डोकाव. मला वाटलं, कॉपी करू नये म्हणून केलंय. शाळेतलीच भानगड.

मग गेल्या महिन्यात बाईंनी एक छोटा व्हिडिओ दाखवला. एका प्रतीक्षालयात माणसं बसलेली, एक जण येतो, बाकावरची बॅग उचलतो, जातो. संपलं. सांगा, कसा दिसत होता? मी जेवण आटोपून लिहायला बसले तर कुलूप उघडंच! बाई लावायला विसरल्या, असं वाटलं. सगळ्यांची उत्तरं समोर. पहिलं उत्तर वकीलसाहेबांचं: लाल टोपी, दाढी, मध्यम बांधा. त्याच्याखाली नर्सची लाल टोपी. बसवाल्याची लाल टोपी. आजोबांची तर केवढी मोठी लाल टोपी! आणि मी? बँकेच्या काउंटरवर माझा उभा जन्म गेला. नुसतं तोंड पाहून मी खातेदाराचं खातं सांगायचे, तुला माहीत आहे. मी लिहिलं: लाल टोपी, आणि टोपीवर पुढे पांढरी रेघ. शपथेवर सांगते, लिहिताना मला ती रेघ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हिडिओ परत लावला. त्या माणसाच्या डोक्यावर टोपीच नव्हती, ठमे. केस होते, चांगले विंचरलेले.

वकीलसाहेबांचा गोंधळ झाला होता, मागे बसलेल्या दुसऱ्याच कुणाची तरी टोपी त्यांनी चोराला घातली होती. त्यांच्यामागे आम्ही सगळी मेंढरं. बाईंनी कुलूप मुद्दाम उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या गटाला तेच काम कुलूप लावून दिलं होतं, तिथे एकानेही टोपी लिहिली नाही. बाई पूर्वी सरकारी वकील होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्यापैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. म्हणूनच हे भयंकर आहे."

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मुलाला वाटलं, बीपी वाढलं. मी तोंडघशी पडले याचं नव्हतं ते. हसशील तू, पण मी आयुष्यात इतक्या वेळा तोंडघशी पडलेय की आता लागत नाही. कारण वेगळं होतं.

आता सांगतेच. इतकी पानं खरडली ती हे लिहायला धीर येत नव्हता म्हणून.

अठरा तारखेला कोर्टात तुझी साक्ष आहे. भाऊजींना ढकलून गल्ला घेऊन जो पळाला, त्या माणसाला तू ओळख परेडमध्ये बोट ठेवून ओळखलंस. तो पार्सल वाटणारा मुलगा तेव्हापासून आत आहे. ज्या संध्याकाळी हे झालं, तेव्हा तू मला हॉस्पिटलमधून फोन केला होतास. तू रडत होतीस. मी विचारलं, कोण होता गं, पाहिलास का? तू म्हणालीस, "तोंड कुठलं दिसतंय ताई, हेल्मेट होतं. हात तेवढे दिसले."

त्यानंतर तुमच्या गल्लीतल्या दुकानदारांच्या गटावर बेकरीवाल्याने त्या मुलाचा फोटो टाकला, मोटरसायकल तशीच आहे म्हणून. "वहिनी, हाच ना?" मग टेलर म्हणाला हाच, औषधवाला म्हणाला मला आधीपासून संशय होता, आणि प्रत्येकाने एकेक टोपी चढवली. सगळी तुझ्या काळजीपोटी, हे मला कळतं. पण त्यानंतर ओळख परेड झाली, आणि तू चेहरा ओळखलास.

तू खोटं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला खोटं बोलता येतच नाही, लगेच तुझे कान लाल होतात. आणि माझंही ऐक, तू फोनवर असं म्हणालीस हे मला स्पष्ट आठवतंय, पण टोपीवरची पांढरी रेघही मला स्पष्ट आठवतेय. कदाचित मीच चुकत असेन. म्हणून कोर्टात जाऊन तुझ्याविरुद्ध मी उभी राहणार नाही. पण कुणी विचारलंच, तर जे ऐकलं ते सांगीन. तुझी बहीण आहे म्हणून गप्प बसणार नाही, आणि तुझी बहीण आहे म्हणूनच आधी तुला सांगतेय.

एकच कर. फोन बंद कर. भाऊजींना विचारू नकोस, बेकरीवाल्याला तर मुळीच नको. एकटी बस आणि त्या संध्याकाळी तुझ्या डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच लिहून काढ. मला पाठवू नकोस. तूच वाच.

रागव, शिव्या दे, पण लिही.

तुझी,
ताई


८ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. तुझे भाऊजी बरे आहेत, तुझ्या आशीर्वादाने अजून लंगडतायत.

तू तिथे नव्हतीस. मी होते. ते शिडीवर पडले तेव्हा झालेला आवाज मी ऐकला. त्यांना आठवडाभर चमच्याने भरवलं ते मी, आणि तू तिकडे लाल टोप्या मोजत होतीस. कॉम्प्युटरवर चार धडे वाचले की लगेच उंटावरून शेळ्या हाकायच्या, जित्याची खोड आहे तुझी ती. म्हणे तूच वाच! मी काय तुझ्या वर्गातली आहे?

फोनवर मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी पायात चपलासुद्धा दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या. त्या वेळच्या बोलण्याला धरून बसायचं? मी त्याला ओळखलं. भुवईजवळच्या तिळासकट ओळखलं. झोपेतून उठवून विचार.

गल्लीतली माणसं आमच्यासाठी धावली. तू त्यांना मेंढरं म्हण, तुझी मर्जी. पण दुकान पंधरा दिवस बेकरीवाल्याच्या पोरांनी चालवलं, तुझ्या वकीलसाहेबांनी नाही.

या विषयावर मला परत लिहू नकोस.

ठमी


१२ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर यायच्या आत हे पोचावं म्हणून आज लगेच टाकतेय. तुला समजूत घालायची सवय आहे, ती मला आत्ता नको.

लिहायला बसले. तुझ्यासाठी नाही, तुझं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून. हे दुपारी आडवे झाले होते, दुकान मुलीने सांभाळलं होतं. फोन पिठाच्या डब्यात ठेवला, हो, खरंच, नाहीतर दर मिनिटाला वाजतो.

हात लिहिले. ते भराभर आले. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती, मळलेली. गल्ला ओढताना तो अडकला, तेव्हा त्याने शिवी दिली, आवाज घोगरा होता. या तिन्ही गोष्टी एका ओळीत आहेत, त्याचा हात, गल्ला आणि यांचं शिडीवर पडणं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. हेल्मेटही लिहिलं. काच खाली होती. काचेत आमच्याच दुकानाचा दिवा दिसत होता.

मग चेहरा. डोळे मिटले तर चेहरा लख्ख समोर. तीळ, नाक, जरा पुढे आलेले दात. मला इतका आनंद झाला, ताई! म्हटलं, बघ, फौजदारीणबाई, हरलीस. पेन उचलून लिहायला लागले, की तो आमच्या काउंटरपाशी, रंगाच्या डब्यांच्या रॅकसमोर उभा होता. आणि लिहिता लिहिता पाहिलं तर त्याच्या मागे रॅक नव्हतं. निळी भिंत होती.

आमच्या दुकानात निळी भिंत नाही. कधी नव्हती. आमच्या दुकानात भिंत दिसतच नाही, सामानाने भरलेली.

बेकरीवाल्याने टाकलेल्या फोटोत आहे ती. पार्सल ऑफिसबाहेर उभं करून काढलेला फोटो आहे, तिथली भिंत निळी आहे. मी उठून डब्यातून फोन काढला आणि पाहिलं. तोच तीळ, तेच दात, तीच भिंत. मग मी पुन्हा पुन्हा डोळे मिटले. जबरदस्तीने रंगाचे डबे आणले त्याच्या मागे. येईनात. चेहरा आला की भिंत येते.

गॅसवर चहा ठेवलाय हे मी विसरूनच गेले. चहा उकळून उकळून आटला.

यांना सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मग कोण होता गं तो?" मी म्हणाले, माहीत नाही. एवढं म्हणायला मला किती जड गेलं म्हणून सांगू. इतके दिवस निदान माहीत होतं ना, कुणाचा राग करायचा ते. स्वयंपाक करताना, यांचा पाय चोळताना त्या एका चेहऱ्याला मनातल्या मनात मी काय काय बोलत होते. आता तो राग तसाच आहे आणि त्याला तोंडच नाही.

काल तपास अधिकाऱ्याकडे गेले. त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "बाई, आता शेवटच्या क्षणाला?" मग सरकारी वकिलांकडे गेले, त्यांनी मला पाणी दिलं आणि सगळं परत सांगायला लावलं. मी सांगितलं, चेहरा मी फोटोत पाहिला, दुकानात नाही. कोर्टातही तेच सांगणार. पट्टीचंही सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, त्या मुलाच्या बोटाला तेव्हा काही लागलं होतं का, हे कुणी तपासलेलंच नाही.

गल्लीला कळलंय. बेकरीवाल्याने आज पाव दिला, पण हिशेबाव्यतिरिक्त एक शब्द बोलला नाही. औषधवाला यांना म्हणाला, वहिनींना कुणी धमकावलं का? हे म्हणाले, "हो, तिच्या बहिणीने." आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसले. तुझ्यावरचा राग थोडा तिथे कमी झाला. सगळा नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. तो मुलगा आमच्याही दुकानात पार्सल घेऊन यायचा. कितीतरी वेळा आला असेल. हेल्मेट न काढताच यायचा, मी खाली मान घालून सही करायचे आणि पार्सल घ्यायचे, तो निघून जायचा. आता तो सुटला आणि परत या रस्त्याने आला, तर मी दुकानात असेन. आत जाऊन बसणार नाही. हेल्मेट काढ म्हणेन, आणि त्याच्या तोंडाकडे नीट बघेन. खरं तर पहिल्यांदाच.

तुझ्यावर अजून चिडलेली, तरी तुझीच,
ठमी