बॅकलाइट बघूनच टीव्ही

१ ऑक्टोबर २००९, अहमदी, कुवेत
आज ठरवलं. सुहासिनीचे वडील, अप्पा, दहा तारखेला नाशिकहून महिन्याच्या व्हिजिट व्हिसावर येताहेत. त्याआधी नवा टीव्ही आणायचा. लग्नाच्या वेळी मी चार महिन्यांनी होकार कळवला, तेव्हा अप्पा म्हणाले होते की मुलगा हुशार आहे, पण ठरवत नाही. आता बघतीलच. जुना ट्यूबवाला टीव्ही कंपनीच्या बसचा ड्रायव्हर यासिर याला देऊनही टाकला. तिकडे जलीबच्या कामगार वस्तीत त्याच्या एका खोलीत सहा जण राहतात. बिचारा दुवा देत गेला. परतीचे दोर कापलेले बरे.

३ ऑक्टोबर
दुकानात गेलो. सेल्समन रफीक माणूस चांगला, ज्ञान शून्य. एलईडी टीव्ही म्हणजे काहीतरी नवीनच, असं सांगत होता. मी समजावलं: पडदा तोच एलसीडीचा, फक्त मागचा दिवा बदलला. आधी बारीक ट्यूबलाइट असायच्या, आता एलईडी. ते कडेला आहेत की सगळ्या पाठीवर, हा खरा प्रश्न. रफीकने चहा मागवला.

६ ऑक्टोबर
तक्ता केला. कडेला दिवे: टीव्ही पातळ, पण अंधारात कोपरे उजळतात. पाठीवर दिवे: काळा रंग काळा, किंमत डोळे पांढरे करणारी. ट्यूबलाइटवाला: स्वस्त, पण शेजारच्या प्रसादकडे तोच आहे. बाद. सुहासिनी म्हणते, कुठलाही आण. असं कुठे असतं का!

९ ऑक्टोबर, शुक्रवार
पेनड्राइव्हवर पूर्ण काळा फोटो नेला. टेस्टसाठी दुकानातले दिवे दोन मिनिटं घालवा म्हटलं. मॅनेजरने ऐकलं नाही. मग गाडीतून चादर आणली, टीव्हीवर आणि स्वतःवर घेतली. गिऱ्हाइकं वाट वाकडी करून गेली. निकाल जवळजवळ लागलाय. उद्या नक्की.

१० ऑक्टोबर
अप्पा आले. टीव्ही कुठाय, विचारलं. मी बॅकलाइट समजावून दिला. पंधराव्या मिनिटाला झोपले. प्रवासाचा शीण.

१७ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. खरेदीला उत्तम मुहूर्त. पण रफीकच बोलून गेला की जानेवारीत नवी मॉडेलं येतात. अशा वेळी आज घेणं म्हणजे मूर्खपणा. थांबण्याचा निर्णय मात्र ताबडतोब घेतला.

३१ ऑक्टोबर, शनिवार
क्रिकेटची मॅच. अप्पा न सांगता यासिरबरोबर जलीबला गेले आणि आमच्याच जुन्या टीव्हीवर बघून आले. माशाचं कालवणही जेवले. चित्र कसं होतं, विचारलं. म्हणाले, आपण जिंकलो.

६ नोव्हेंबर
यासिर आणि त्याच्या खोलीतला अशरफ तो जुना टीव्ही उचलून तीन जिने चढून आले. अप्पा जाईपर्यंत राहू दे म्हणाले, आम्ही शेजारच्या खोलीत बघू. मला लाज वाटली. थोडीच.
मग टीव्ही लावला, हॉलमधले दिवे घालवले. काळा रंग काजळासारखा, कोपरे स्वच्छ. बरोबरच आहे, ट्यूबच्या टीव्हीला बॅकलाइट नसतोच! म्हणजे बॅकलाइटचा दोषही नाही. माझं संशोधन पूर्ण झालं, असं सगळ्यांना सांगितलं.
अप्पा माझ्याकडे वळले. "जावईबापू, लग्नाला हो म्हणायला तुम्ही चार महिने लावलेत. तेव्हा आणखी किती मॉडेलं बघत होतात?"
सुहासिनीने टीव्हीचा आवाज बंद केला.